संदर्भयादीतली माणसं

त्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, क्ष-किरण विभागाच्या डोक्यावर, एक लांबट खोली होती. तिथे पेशंट कधी यायचे नाहीत, यायचे ते डॉक्टर. हातात स्वतः लिहिलेला लेख आणि चेहऱ्यावर ‘बाई, एवढं उरकून द्या’ असा भाव. खोलीत बसणाऱ्या बाईंचं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना स्वल्पविरामबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. घरी त्यांना फक्त एकच माणूस हाक मारायचं, थोरली बहीण, आणि ती चाळिशी उलटली तरी ‘छोटे’च म्हणायची.

छोटीचं काम तसं कुणाला समजावून सांगायचं म्हणजे कठीण. वैद्यकीय मासिकाला लेख धाडायचा तर नुसतं लिहून भागत नाही. आपण जे म्हणतोय ते आधी कुणी, कुठे, कोणत्या साली म्हटलंय, त्याची यादी शेवटी जोडावी लागते, आणि प्रत्येक मासिकाचा नखरा निराळा. एकाला आडनाव आधी हवं, पुढे आद्याक्षरं, पण त्यांच्यामध्ये टिंब नको. दुसऱ्याला टिंबाशिवाय चालत नाही. एक म्हणतं सहा लेखकांची नावं द्या, सातव्यापासून ‘आणि इतर’. दुसरं तिघांवरच दमतं. संदर्भाचा आकडा कुणाला चौकोनी कंसात लागतो, कुणाला वाक्याच्या खांद्यावर बारीक. संगणकावर हे आपोआप करणारी सोय होती, पण तिच्यात कचरा घातला तर ती कचऱ्याचीच नीट घडी घालून द्यायची. म्हणून छोटी प्रत्येक लेख मुळात जाऊन उघडायची. लेख खरंच आहे ना, वर्ष तेच ना, पानं तीच ना, एवढं बघायची आणि मिटायची. आत काय लिहिलंय ते वाचायचं तिला कधी कारण पडलं नव्हतं.

ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायची. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून ती त्या चाकावर बसली आणि तिच्या जोरावर छोटी शिकली. दोघींपैकी कुणाचंच लग्न झालं नाही. का, ते विचारणाऱ्याला ताई सांगायची, “आम्हा दोघींचं भांडण मिटायचं होतं, मध्येच तिसरा कुठे आणायचा?” तिच्या जिभेला हाड नव्हतं. छोटीने स्वयंपाकघराची फळी पुसली तरी ती मागून पुन्हा पुसायची आणि वर म्हणायची, “लेखातली टिंबं दिसतात तुला, हा डाग नाही दिसत.”

हिवाळा सरता सरता ताईच्या नाकातून रक्त यायला लागलं. मग पायांवर जांभळे ठिपके उठले. ती कुणालाही बोलली नाही. एके दिवशी दुकानात खोकल्याची उबळ आली आणि घासत ठेवलेल्या भिंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले, तेव्हा मालकानेच तिला गाडीत घालून इस्पितळात आणलं.

आजार दुर्मीळ निघाला. लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात, सुजून चिरतात, आणि त्याचा पहिला घाव फुप्फुसांवर बसतो. ताई ज्यांच्या हाताखाली दाखल झाली त्या डॉक्टरबाई छोटीला चांगल्या परिचयाच्या होत्या. त्यांचे कितीतरी लेख तिच्या हाताखालून गेले होते. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या तर झाकून ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सलाईनमधून देण्याच्या जालीम औषधाची एक फेरी दिली. ताईचे केस गेले, वजन गेलं, पण रक्त थांबलं. ती घरी आली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुमच्या केसवर लेख लिहावा असं मला वाटतंय. हा आजार झालेले लोक जगात फार कमी नोंदले गेलेत. तुमची परवानगी असेल तरच.”

“माझ्यावर लेख?” ताई म्हणाली. “फोटो छापणार का? मग केस उगवेपर्यंत थांबा.”

“नाव नाही, चेहरा नाही. फक्त फुप्फुसाचा फोटो.”

“मग माझ्यावर कसला? फुप्फुसावर म्हणा की.” पण सही करताना ती खूष दिसत होती. घरी येताना रस्त्यात छोटीला म्हणाली, “एवढी वर्षं लोकांची कामं केलीस. आता माझं कर.”

लेखाचा पहिला खर्डा आठवड्याभरात लांबट खोलीत आला. खाली अकरा संदर्भ होते. छोटी सवयीने कामाला लागली. रात्री जेवताना ताईने विचारलं, “यादीत कोण कोण आहे?”

“डॉक्टर. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांची नावं असतात.”

“ते नव्हे गं. ज्यांना हे झालं ते कोण?”

छोटीचा घास हातातच राहिला. हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. अकरांपैकी बहुतेक लेख एकेका रुग्णावर होते. म्हणजे यादीत माणसंच होती, फक्त त्यांची नावं कुठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पहिला लेख उघडला आणि मिटला नाही. वाचला. लेख परक्या भाषेत होते आणि ताईला ती भाषा येत नव्हती, म्हणून संध्याकाळी छोटी तिला ते आपल्या भाषेत सांगू लागली. एक होता आगबोटीवरचा स्वयंपाकी, साठीचा. त्याचा एक पाय कापावा लागला, पण तो वाचला. एक शाळेतली शिक्षिका होती, सात महिन्यांची पोटुशी. एक जुनी वाद्यं दुरुस्त करणारा होता. ताईला भलताच रस वाटू लागला. शेजारपाजारच्यांची चौकशी करावी तशी ती विचारायची, “त्या शिक्षिकेला माहेर जवळ होतं का?” छोटी म्हणायची, “लेखात नसतं ते.” “मग काय असतं मेलं लेखात!”

तिसरा संदर्भ पोस्टमनचा होता. पस्तिशीचा गडी, पायांवर ठिपके, रक्ताची उलटी, पहिल्या फेरीने आराम, मग पुन्हा तेच. दुसरी फेरी दिली. दुसऱ्या फेरीत अंगातली सगळी प्रतिकारशक्ती धुऊन निघाली, फुप्फुसात जंतू शिरले आणि तो गेला. हे सगळं छोटीने दुपारी वाचलं होतं. संध्याकाळी ती ‘दुसरी फेरी दिली’पर्यंत आली आणि थांबली. ताई उशीला टेकून तिच्या तोंडाकडे बघत होती.

“मग?”

“मग बरा झाला,” छोटी म्हणाली.

“पुरता?”

“पुरता. परत कामाला लागला.”

“सायकल चालवत?”

“हो. सायकलवर.”

ताईने समाधानाने डोळे मिटले. एवढ्याशा बोलण्याने काय होतंय, असं छोटीने स्वतःला बजावलं. मग वाद्यं दुरुस्त करणाराही वाचला. शिक्षिका वाचली. एकदा खोटं सुरू केलं की त्याला मागून शिवण घालत बसावं लागतं, तसं तिचं झालं. ताईची मात्र पोस्टमनवर फार मर्जी बसली. जिना चढताना दम लागला की ती म्हणायची, “आमचा पोस्टमन बघ, पिशवी घेऊन चढत असेल.”

उन्हाळ्यात आजार उलटला. डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. दुसरी फेरी देता येईल. पहिल्यापेक्षा जड जाईल, आणि तिचा उपयोग होईल याची शक्यता थोडी आहे. नाही घेतली तर दम लागू नये, दुखू नये एवढं आम्ही सांभाळू. घरी राहता येईल, पण किती काळ, ते सांगता येणार नाही. “काही विचारायचंय?” त्या म्हणाल्या.

ताईने काही विचारलं नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “पोस्टमननं घेतली ना दुसरी फेरी? मग मीही घेते.”

ती वेळ होती. छोटीला ते कळत होतं. तोंड उघडायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं. पण तिला ताई हवी होती, आणि ‘शक्यता थोडी’ म्हणजे शून्य नव्हे, असा हिशेब तिचं मन भराभर मांडत होतं. ती म्हणाली, “घे.”

पुढचे दिवस वाईट गेले. ताईच्या तोंडात फोड आले, पाणी गिळतानाही डोळ्यांतून धारा लागायच्या. ज्या बोटांनी तिने केसाएवढा फरक चाचपून भिंगं घासली, ती बोटं पेला धरेनात. मग ताप चढला तो उतरेना. नळ्या आल्या, वेगळी खोली आली, आत जाताना तोंडाला फडकं आलं. ताई सोसत होती. फोडांमुळे शब्द धड फुटत नव्हते, तरी ती एकदा पुटपुटली, “पोस्टमनचं पण असंच झालं असेल ना गं सुरुवातीला?” छोटीने होय म्हणून मान हलवली.

एका सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा छोटी खाटेशी चादरीची घडी घालत होती. ताप किंचित उतरला होता. बाईंनी कागद पाहिले आणि त्यांच्या परीने धीर द्यायला म्हणाल्या, “तुम्ही चिवट आहात. दुसऱ्या फेरीनंतर कुणी वाचल्याची अजून नोंद नाही. तुम्ही पहिल्या ठराल, असं धरून चालू या.”

ताईने हळूच मान वळवली. “आणि पोस्टमन?”

“कोण पोस्टमन?”

“यादीतला. तिसरा.”

डॉक्टरबाईंनी आठवलं. “तो? तो दगावला,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर छोटीकडे गेली. छोटीच्या हातातली चादर तशीच लोंबत होती. बाई बाहेर गेल्या.

ताईने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आणि माझ्यापुढे बसून खोटं वाचलंस.”

“तुला धीर यावा म्हणून गं ताई.”

“धीर मी मागितला होता? मी विचारलं होतं, काय झालं.”

“खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.” तिला धाप लागली. ती थांबली, पण सोडलं नाही. “घरी बसले असते. जमेल त्या दिवशी दुकानात जाऊन चार भिंगं घासली असती. तुझ्याशी भांडले असते. माझं होतं ते. तू कोण ठरवणारी?”

ताईने तोंड भिंतीकडे केलं, आणि छोटी उठून जाईपर्यंत इकडे वळवलं नाही. पुढचे काही दिवस छोटी यायची, बसायची, ओठांना ओला कापूस लावायची. ताई लावून घ्यायची, पण बोलायची नाही.

मग एके दुपारी तिनेच तोंड उघडलं. “आता सगळ्यांचं खरं सांग. एकेकाचं.”

छोटीने सांगितलं. स्वयंपाक्याचा पाय कापल्याचं, तो वाचल्याचं खरं होतं. वाद्यं दुरुस्त करणारा गेला. एक म्हातारी गेली, एक कारकून गेला. शिक्षिका गेली.

“आणि मूल?”

“मूल वाचलं. मुलगी झाली. आधी पोट फाडून तिला काढली, आई नंतर गेली.”

ताई तिच्याकडे निरखून बघत राहिली. “हे खरं?”

“खरं आहे ताई.”

“तुझं आता काहीच खरं वाटत नाही बघ. हीच पंचाईत करून ठेवलीस.”

छोटी घाईघाईने आपल्या लांबट खोलीत गेली आणि त्या लेखाचं पान छापून घेऊन आली. ओळीखाली बोट ठेवून दाखवू लागली. पण ताईला ती भाषा कुठे येत होती? कागद तिच्यापुढे धरून काय उपयोग? शेवटी छोटीला इस्पितळाच्या ग्रंथपालांची आठवण झाली. जुने लेख तळघरातून काढून देणारे ते पिकल्या केसांचे गृहस्थ, उभ्या जन्मात वॉर्डात न आलेले. ती त्यांना अक्षरशः हाताला धरून घेऊन आली. तोंडाला फडकं बांधून ते खाटेपाशी अवघडून उभे राहिले, खिशातून चष्मा काढला, कागद लांब धरला.

“बाळ जिवंत जन्मलं,” ते सावकाश अर्थ लावत म्हणाले. “मुलगी. वजन कमी होतं. एक वर्षाची झाली तेव्हा तिची वाढ व्यवस्थित होती. असं लिहिलंय.”

“पुन्हा वाचा,” ताई म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. ताईने त्यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाली, “डावी काच सैल झालीय. पडेल एखाद दिवशी.” मग डोळे मिटले. छोटीबरोबर ती त्यानंतर थोडंफार बोलली, पाणी दे, खिडकी लाव, असं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. त्याच आठवड्यात ताप पुन्हा चढला आणि ती गेली.

छोटी कामावर परतली तेव्हा डॉक्टरबाई स्वतः जिना चढून आल्या. “लेखाचा शेवट बदलावा लागला,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाकडून संदर्भ करून घेऊ?”

“नको. मीच करते.”

नवा खर्डा तिने पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचला. पन्नाशीपुढची स्त्री, भिंगं घासण्याचा व्यवसाय. सगळं जागच्या जागी होतं. मधल्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘दुसऱ्या फेरीच्या फायद्यातोट्यांची पूर्ण कल्पना घेऊन रुग्णाने संमती दिली.’ त्याला संदर्भाचा आकडा नव्हता. छोटी त्या वाक्यापाशी अडून बसली. मग कागद घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ऐकून झाल्यावर बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “त्यांनी पोस्टमनचं विचारलं, तेव्हा मला शंका आली होती. पण फेरीआधी मी त्यांना शक्यता थोडी म्हटलं, आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, समजूतदार आहेत. मीही खोदून विचारायला हवं होतं.”

“वाक्य काढायचं का?”

“हे वाक्य सगळ्यांच्याच लेखात असतं, बाई.” मग त्या म्हणाल्या, “मला विचार करू द्या.”

पण विचार करायची वेळच आली नाही. पहिल्या मासिकाने लेख परत केला. दुसऱ्यानेही केला. दर वेळी छोटीने अकराच्या अकरा संदर्भ नव्या थाटात बसवले, टिंबं घातली, टिंबं काढली. तिसऱ्या मासिकाने कळवलं की लेख पूर्ण छापता येणार नाही, संपादकांना पत्र म्हणून छोटा करून द्या, आणि संदर्भ जास्तीत जास्त पाच. डॉक्टरबाईंनी मजकूर निम्म्यावर आणला. त्या काटछाटीत संमतीचं वाक्य आपसूकच गेलं, कुणी ठरवून काढलं नाही. संदर्भांपुढे त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. दुसऱ्या फेरीशी संबंध असलेले ठेवायचे, बाकीचे काढायचे.

पोस्टमन राहिला. आगबोटीवरचा स्वयंपाकी यादीतून गेला, म्हातारी गेली, कारकून गेला. शिक्षिकेपुढे खूण नव्हती. छोटीने तिच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि एवढं एक राहू द्या म्हणून विचारावं असं तिला वाटलं. पण काय कारण सांगणार? गरोदर बाईचा या लेखाशी संबंध नव्हता. तिने ओळ पुसली, आणि खालचे आकडे एकेक वर सरकले.

पत्र एका पानात छापून आलं. छोटीने तपासायला आलेल्या कच्च्या पानात एक आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून पाठवलं. तेवढंच.

त्यानंतर ती पूर्वीसारखी पहिलं पान-शेवटचं पान बघून लेख मिटू शकली नाही. वाचत बसायची, त्यामुळे कामं तुंबायची, डॉक्टर कुरकुरायचे. स्वल्पविरामबाईंना बहिणीचं फार लागलंय, असं ते आपसांत म्हणायचे. घरी ती फळी दोनदा पुसायची, मग मध्येच फडकं टाकून द्यायची. दुकानाच्या मालकाने ताईचं चाक विकायला काढलं, तेव्हा विचारायला आला होता, तुम्हाला हवंय का. ती नको म्हणाली. ठेवणार कुठे?

वर्षभराने खोलीतला फोन वाजला. डॉक्टरबाई परगावी होत्या आणि चौकशीवाल्याने फोन तिच्याकडे जोडून दिला होता. पलीकडे एक पुरुष होता, आवाजावरून पन्नाशीचा. त्याच्या बायकोला तोच आजार होता. कुणीतरी त्याला ते पत्र काढून दिलं होतं.

“त्या बाई दुसऱ्या फेरीत गेल्या, एवढा अर्थ मला लागला,” तो म्हणाला. “पण मधलं काही कळत नाही. त्यांना त्रास फार झाला का?”

छोटीने खुर्ची ओढली आणि बसली. “हो,” ती म्हणाली. “फार झाला.”

“आमचे डॉक्टर म्हणतात, एकदा करून बघू.”

“तुमच्या बायकोला काय वाटतं?”

“तिला मी अजून सगळं सांगितलं नाही. तिची हिंमत खचेल.”

“सांगा,” छोटी म्हणाली. “आजच सांगा. मग त्या म्हणतील तसं करा. आणि त्या काही विचारतील तर जे असेल तेच सांगा, त्यात आपलं काही घालू नका.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर नाही.”

तो एकदम चिडला. “तुम्हाला सांगायला काय जातंय? तुमचं कुणी गेलंय का असं?” आणि छोटी तोंड उघडण्याआधीच त्याने फोन ठेवून दिला.

तिने तो फोन कुठून आला होता ते चौकशीवाल्याला विचारून पाहिलं. त्याच्याकडे नंबर नव्हता. त्या माणसाच्या बायकोने फेरी घेतली की नाही, हे छोटीला कधीच कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, त्या आजारावरचा एखादा नवा लेख टेबलावर आला की ती आधी यादीकडे न जाता रुग्णाचं वर्णन वाचायची. वय, कामधंदा, कधी लक्षणं दिसली. पन्नाशीतली एखादी स्त्री सापडली तर शेवटापर्यंत वाचायची. पण तीच ती, हे कशावरून ओळखणार?